दुष्काळात जंगल हिरवं झालं होतं का? ॲमेझॉन, २००५

२००५ साली ॲमेझॉनच्या पश्चिम आणि नैऋत्य भागाला पावसानं दगा दिला. ते एल निनोचं वर्ष नव्हतं. उष्णकटिबंधातल्या उत्तर अटलांटिकचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं होतं. पावसाचा पट्टा उत्तरेकडे ओढला गेला आणि खालचं खोरं कोरडं राहिलं. नद्या इतक्या उतरल्या की होड्या गाळात रुतून बसल्या. होडीशिवाय ज्यांचं पान हलत नाही अशा नदीकाठच्या वस्त्या तुटून पडल्या.

दोन वर्षांनी, २००७ मध्ये, 'सायन्स' या नियतकालिकात एका पानाचा शोधनिबंध आला. ॲरिझोना विद्यापीठातले स्कॉट सालेस्का, कमेल दिदान, आल्फ्रेडो ह्युएटे आणि साओ पावलो विद्यापीठातले उंबेर्तो दा रोशा हे त्याचे लेखक. पावसाच्या नोंदी होत्या टीआरएमएम या उपग्रहाच्या आणि झाडांच्या होत्या टेरा उपग्रहावरच्या मोडिस या संवेदकाच्या. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले होते. एका नकाशावर पाऊस जिथे सर्वात जास्त चुकला होता, त्याच भागातला बराचसा प्रदेश दुसऱ्या नकाशावर जुलै ते सप्टेंबर २००५ मध्ये नेहमीपेक्षा हिरवा दिसत होता.

हे वाचून अनेकांच्या भुवया उंचावल्या, आणि त्याला कारण होतं. २००० साली ब्रिटनच्या हवामान विभागातले पीटर कॉक्स आणि सहकाऱ्यांनी हवामानाच्या संगणकी प्रतिकृतीतून एक भीषण शक्यता मांडली होती: तापमान वाढत गेलं, पाऊस घटत गेला तर या शतकातच ॲमेझॉनचं जंगल मोठ्या प्रमाणावर कोलमडू शकतं. प्रतिकृती सांगत होती की पाणी कमी पडलं की जंगल मलूल होणार. प्रत्यक्ष दुष्काळात आकाशातून पाहिलं तर जंगल टवटवीत. दोघांतलं कुणीतरी चुकत होतं, किंवा 'हिरवं' या शब्दाचा अर्थ आपण नीट लावला नव्हता. मला दुसरी शक्यता खरी वाटते. ती का वाटते ते या प्रकरणात सविस्तर मांडायचं आहे, कारण झाडांचं ऋतुचक्र उपग्रहातून वाचताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या गफलती या एका प्रकरणात भेटतात.

सदाहरित जंगलाचे ऋतू

समशीतोष्ण प्रदेशातल्या पानगळीच्या जंगलाचं ऋतुचक्र उपग्रहाला सहज दिसतं. हिवाळ्यात उघड्या फांद्या, वसंतात पालवी, शरदात पिवळेपणा. आलेख घंटेसारखा चढतो आणि उतरतो. वसंत आठवडाभर लवकर आला तर चढाची जागा सरकते आणि ती मोजता येते. ॲमेझॉनमध्ये असं काही नाही. जंगल बाराही महिने हिरवं. पण त्या हिरवेपणाच्या आत एकेक झाड आपली पानं टाकत असतं आणि नवी काढत असतं. कुठलं झाड हे जुलैत करतं, कुठलं ऑक्टोबरात, काही वर्षभर थोडंथोडं. मध्य ॲमेझॉनमध्ये पानगळ कोरड्या महिन्यांत जास्त होते आणि नवी पालवीही त्याच सुमारास येते.

पाण्याची ओढ असताना पालवी हे मराठी वाचकाला नवल वाटू नये. चैत्रपालवी हा शब्द आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. ऐन कोरड्यात, पावसाला अजून अवकाश असताना झाडं कोवळी पानं काढतात, हे आपण पाहत आलो आहोत. ॲमेझॉनच्या बाबतीत अभ्यासकांना याचं आश्चर्य वाटलं, कारण त्यांच्या प्रतिकृतीत झाडाची वाढ पाण्याच्या हिशोबावर बांधलेली होती. प्रत्यक्षात विषुववृत्तालगत पावसाळ्यात पाणी मुबलक असतं आणि टंचाई असते ती उजेडाची. महिनोन्महिने ढग असतात. कोरडे महिने आले की आकाश उघडतं, आणि मुळं खोल असतील तर झाडाला पाणी आणि ऊन दोन्ही एकदम मिळतं. डॅनियल नेपस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवलं होतं की पूर्व ॲमेझॉनमधल्या झाडांची मुळं ८ मीटरपेक्षाही खोल जातात आणि कोरड्या महिन्यांत तिथलं पाणी वर आणतात.

ब्राझीलमधल्या तापाजोस राष्ट्रीय वनात, सांतारेंम–कुइयाबा महामार्गाच्या ६७व्या किलोमीटरजवळ, झाडांच्या शेंड्यांच्या वर जाणारा एक मनोरा आहे. त्यावरची उपकरणं सेकंदाला कित्येक वेळा हवेचा वर-खाली वेग आणि तिच्यातला कार्बन डायऑक्साइड मोजतात, आणि त्यातून जंगल कार्बन घेतंय की सोडतंय हे कळतं. २००३ मध्ये सालेस्का आणि सहकाऱ्यांनी या मनोऱ्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. जंगल कोरड्या महिन्यांत कार्बन घेत होतं आणि पावसाळ्यात सोडत होतं. प्रतिकृतींचं म्हणणं नेमकं उलटं होतं. कोरड्यात पाचोळा कुजत नाही, म्हणून सोडला जाणारा कार्बनही कमी, हा त्यातला मोठा भाग होताच. पण प्रकाशसंश्लेषण कोसळत नव्हतं, हेही स्पष्ट होतं.

पुढे २००६ मध्ये ह्युएटे आणि सहकाऱ्यांनी मोडिसच्या चित्रांवरून दाखवलं की ॲमेझॉनच्या सदाहरित जंगलाचा हिरवेपणाचा निर्देशांक कोरड्या महिन्यांत सुमारे २५ टक्क्यांनी वाढतो. २००७ चा दुष्काळाचा निबंध या पायावर उभा होता. कोरड्या महिन्यांत हिरवेपणा वाढत असेल, तर जास्त कोरड्या, जास्त उन्हाच्या वर्षी तो आणखी वाढला असणार. तर्क सुसंगत होता.

एका पिक्सेलच्या आत

मोडिस पानं मोजत नाही. तो परत आलेला प्रकाश मोजतो. टेरा उपग्रह डिसेंबर १९९९ मध्ये सोडला गेला. त्याची एका वेळची नजर २,३३० किलोमीटर रुंद पट्ट्यावर फिरते आणि एक-दोन दिवसांत साऱ्या पृथ्वीचा फेरा पुरा होतो. ॲमेझॉनवर ढग इतके की रोजच्या चित्रात जंगल क्वचितच सलग दिसतं. म्हणून १६ दिवसांतली निरीक्षणं एकत्र करून चित्राच्या प्रत्येक चौकोनासाठी, म्हणजे पिक्सेलसाठी, त्यातलं बरं निरीक्षण निवडतात.

हिरवं पान लाल प्रकाश गिळतं, कारण हरितद्रव्याला तो हवा असतो. लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र ते जोरात परत फेकतं. या दोहोंतल्या फरकावर सगळं गणित उभं आहे. जुना निर्देशांक एनडीव्हीआय: अवरक्तातून लाल वजा करा आणि दोघांच्या बेरजेनं भागा. दाट जंगलावर तो लवकर साचून जातो, म्हणजे पानं वाढली तरी आकडा हलत नाही. म्हणून ह्युएटे आणि सहकाऱ्यांनी ईव्हीआय तयार केला. त्यात निळ्या पट्ट्याच्या मदतीनं हवेतल्या कणांचा परिणाम कमी करतात आणि दाट जंगलातही आकडा हलता राहतो.

तो कशामुळे हलतो, हे एकदा हातानं आकडे मांडून पाहण्यासारखं आहे. समजा एका चौकोनातून लाल प्रकाश ०.०३, निळा ०.०२ आणि अवरक्त ०.३० इतका परततो. समजावण्यापुरतेच हे आकडे, पण दाट जंगलाला शोभतील असे. एनडीव्हीआय येतो ०.८२ आणि ईव्हीआय ०.५१. आता लाल-निळं तसंच ठेवा, फक्त अवरक्त ०.३६ करा. एनडीव्हीआय जातो ०.८५ वर, वाढ जेमतेम ३ टक्के. ईव्हीआय जातो ०.५९ वर, म्हणजे सुमारे १७ टक्के वाढ. एकही पान न वाढता, एकट्या अवरक्तात पाचव्या हिश्शाची भर पडली आणि नकाशावरचा रंग बदलला.

म्हणजे दाट जंगलावर ईव्हीआय मुख्यतः अवरक्ताच्या मागे धावतो. अवरक्त वाढायला कारणं अनेक. पानं जास्त असतील. पानं तेवढीच पण नवी असतील: पावसाळी जंगलातल्या जुन्या पानावर शेवाळ आणि दगडफूल चढतं, ते कमी अवरक्त परत करतं, आणि कोरं पान जास्त. किंवा पानं तीच, तेवढीच, पण त्यांच्यातल्या सावल्या कमी झाल्या असतील. या तीन कारणांपैकी नेमकं कुठलं, हे आकडा स्वतः सांगत नाही. पुढची दहा वर्षं वाद झाला तो यावरच.

आधी धूर आणि ढग

पहिला हल्ला चित्रांच्या गुणवत्तेवर झाला. २०१० मध्ये बॉस्टन विद्यापीठातले अरिंदम सामंता, रंगा मायनेनी आणि सहकाऱ्यांनी त्याच २००५ च्या दुष्काळाचा हिशोब मोडिसच्या सुधारित आवृत्तीवर पुन्हा केला. प्रत्येक चौकोनासोबत मोडिस गुणवत्तेच्या खुणा देतो: ढग होता का, शेजारी ढग होता का, हवेत कण किती होते. या खुणा त्यांनी कडकपणे पाळल्या. कोरडे महिने म्हणजे ॲमेझॉनच्या दक्षिण कडेला आगींचे महिने, आणि दुष्काळात धूर आणखी वाढतो. त्या धुरातून पाहिलेलं निरीक्षण त्यांनी बाद केलं.

हाती उरलं ते असं: दुष्काळ बसलेल्या जंगलापैकी फक्त ११ ते १२ टक्के भाग हिरवा झालेला, २८ ते २९ टक्के भाग तपकिरी झालेला किंवा जैसे थे, आणि उरलेल्या भागाबद्दल काही बोलावं इतकी चांगली निरीक्षणंच नाहीत. २००७ च्या निबंधाच्या शीर्षकात जंगल हिरवं झालं असं होतं, २०१० च्या शीर्षकात झालं नाही असं. उपग्रह एकच, संवेदक एकच, वर्षही तेच.

या आकड्यांत मला सर्वात बोलका वाटतो तो तिसरा भाग. दुष्काळानं ग्रासलेल्या जंगलापैकी सुमारे ६० टक्क्यांवर नजर धडपणे पोहोचलीच नव्हती. तरी नकाशा छापताना प्रत्येक चौकोनाला रंग द्यावाच लागतो, आणि रंग दिला की वाचणाऱ्याला ते ज्ञान वाटतं. उपग्रहाचा कुठलाही नकाशा समोर आला की मी आधी गुणवत्तेचा थर उघडतो ती सवय या निबंधानं लावली.

साडेदहाचा सूर्य

दुसरा हल्ला जास्त खोल होता. २०१४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रातले डग्लस मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये म्हटलं की कोरड्या महिन्यांतला हिरवेपणा हा झाडांचा नाहीच, तो सूर्य आणि उपग्रह यांच्या कोनांचा खेळ आहे.

विमान जंगलावरून जात असताना खिडकीतून कधी आपल्या विमानाची सावली शोधून पाहिली असेल, तर त्या सावलीभोवती जंगलाचा एक तुकडा आजूबाजूपेक्षा लख्ख दिसतो. तिथली झाडं वेगळी नसतात. सूर्य बरोबर आपल्या पाठीशी असतो, त्यामुळे प्रत्येक पानाची सावली त्या पानाच्याच मागे दडते आणि डोळ्याला फक्त उजेडातली बाजू दिसते. नजर थोडी बाजूला नेली की सावल्या डोकावू लागतात आणि जंगल काळपट होतं.

आता हेच टेरासाठी मांडू. या अभ्यासांच्या काळात तो विषुववृत्त ओलांडायचा स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास. दुपारच्या दीड तास आधी, म्हणजे विषुवदिनी सूर्य डोक्यापासून साधारण साडेबावीस अंश पूर्वेला. टेराची नजर त्याच्या मार्गाला आडवी, म्हणजे साधारण पूर्व-पश्चिम फिरते. सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या आसपास सूर्य या नजरेच्या रेषेतच येऊन बसतो, आणि उपग्रह पूर्वेच्या बाजूनं पाहत असेल तर सूर्य त्याच्या पाठीशी. विमानाच्या सावलीभोवतीचा तोच लख्ख तुकडा. जूनमध्ये मात्र सूर्य उत्तरेला कललेला असतो, नजरेच्या रेषेपासून दूर, आणि सावल्या लांब. दक्षिण ॲमेझॉनमध्ये तर सूर्य ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत डोक्याच्या जवळजवळ येतच राहतो. जून ते ऑक्टोबर हेच तिथले कोरडे महिने. झाडांनी काहीही केलं नाही तरी या काळात सावल्या घटणार, अवरक्त वाढणार आणि ईव्हीआय चढणार.

मॉर्टन यांनी कोनांचा परिणाम गणितानं काढून टाकला तेव्हा हंगामी चढ नाहीसा झाला. जोडीला त्यांनी आइससॅट उपग्रहाच्या लेसरच्या नोंदी घेतल्या. लेसर आपला उजेड स्वतः घेऊन जातो, सूर्य कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यातही कोरड्या महिन्यांत वनछत्राचा आकार बदललेला दिसला नाही. हा युक्तिवाद मला आजही देखणा वाटतो. एका उपकरणाच्या शंकेचं उत्तर, ती शंका ज्याला लागूच होत नाही अशा दुसऱ्या उपकरणाकडून घ्यायचं.

इथे एक गोष्ट मात्र वेगळी काढायला हवी, कारण चर्चेत ती सारखी सरमिसळ होत राहिली. जंगल दरवर्षी कोरड्या महिन्यांत हिरवं होतं का, हा एक प्रश्न. २००५ च्या दुष्काळात ते नेहमीपेक्षा हिरवं झालं का, हा दुसरा. जुलै ते सप्टेंबरमध्ये सूर्य २००५ साली जिथे होता तिथेच तो २००४ आणि २००६ सालीही होता. म्हणजे कोनांचा आक्षेप पहिल्या प्रश्नाला थेट भिडतो, दुसऱ्याला आडवळणानं: दुष्काळात ढग कमी असले तर निवडली जाणारी निरीक्षणं बदलतात, त्यांचे कोन बदलतात, एवढंच. धुराचा आक्षेप मात्र दुसऱ्या प्रश्नाच्या मुळावर येतो. कुणी "ॲमेझॉन हिरवं होत नाही हे सिद्ध झालंय" म्हणालं, तर कोणत्या प्रश्नाचं उत्तर देताय, हे विचारावं.

पानं मोजण्यापेक्षा पानांचं वय

या कोंडीतून वाट निघाली ती जमिनीच्या जवळून. ब्राझीलच्या राष्ट्रीय ॲमेझॉन संशोधन संस्थेतले, म्हणजे मानाउसच्या इनपामधले, ब्रूस नेल्सन आणि त्यांचे सहकारी जंगलातल्या मनोऱ्यांवरच्या साध्या रंगीत कॅमेऱ्यांकडे वळले. कॅमेरा शेंड्यांकडे रोखलेला, दिवसातून अनेकदा चित्र, महिनोन्महिने. पुढे माणूस बसून एकेका झाडाचा माथा ओळखतो आणि त्याच्या पानांचा माग ठेवतो: या झाडानं पानं टाकली, फांद्या उघड्या पडल्या, काही आठवड्यांत लालसर, पोपटी पालवी आली, मग गडद हिरवी झाली. ऐकायला सोपं, करायला चिकाटीचं. आभाळ भरून आलं की सगळ्याच चित्रांचा रंग बदलतो, म्हणून एकसारख्या उजेडातली चित्रं तेवढी निवडावी लागतात.

२०१६ मध्ये जिन वू आणि सहकाऱ्यांनी, नेल्सन आणि सालेस्का त्यात होते, तापाजोस आणि मानाउसजवळच्या मनोऱ्यांवरच्या अशा नोंदी आणि कार्बनच्या नोंदी एकत्र ठेवल्या. एकूण पानांचं प्रमाण वर्षभरात फारसं बदलत नव्हतं. मॉर्टन यांच्या लेसरला काही बदललेलं दिसलं नाही, ते याच्याशी जुळतं. बदलत होतं ते पानांचं वय. कोरड्या महिन्यांत झाड जुनी पानं टाकतं आणि त्यांच्या जागी नवी आणतं. झाडावरची पानांची गर्दी तेवढीच, पण पिढी बदललेली. पानाचे पहिले दोन महिने कोवळेपणाचे, तेव्हा ते फारसं काम करत नाही. तीन ते पाच महिन्यांचं पान सर्वात कर्तबगार, आणि सहा महिन्यांपुढे त्याची ताकद ओसरते. तापाजोसच्या मनोऱ्यावर प्रकाशसंश्लेषणाचा चढ केवळ उन्हानं किंवा पानांच्या संख्येनं समजत नव्हता, तो या पिढीबदलानं समजला.

आलीन लोपेस आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी मानाउसच्या ईशान्येला असलेल्या उंच मनोऱ्यांच्या केंद्रावरचा, म्हणजे ॲट्टोवरचा, कॅमेरा वापरला. सोबत मोडिसची नव्या पद्धतीनं शुद्ध केलेली चित्रं घेतली. मायाक नावाची ही पद्धत एकेका दिवसाचं चित्र सुटं न पाहता काळाची मालिका एकत्र पाहते, ढग-धूर जास्त नेटका काढते आणि कोनांचा परिणामही हिशोबात धरते. कोन दुरुस्त केल्यावर चढ लहान झाला, पण उरला. आणि उरलेला चढ कॅमेऱ्यात दिसणाऱ्या पालवीच्या वेळेशी जुळला.

लेसरचं कोडंही पुढे उलगडलं. तापाजोसमध्येच जमिनीवरून वर रोखलेल्या लेसरनं मॅरिएल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की वरच्या थरातली पानं कोरड्यात वाढतात आणि खालच्या थरातली कमी होतात. बेरीज जवळपास सपाट. वरून बेरीज मोजणाऱ्याला बदल नाही, वरचा थर पाहणाऱ्याला बदल आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर.

कोनांच्या आक्षेपाला एक वेगळंच उत्तर आलं २०२१ मध्ये. हिरोफुमी हाशिमोतो आणि सहकाऱ्यांनी हवामानासाठी सोडलेला भूस्थिर उपग्रह गोज-१६ वापरला. तो एकाच जागी टांगलेला, म्हणून त्याचा पाहण्याचा कोन बदलतच नाही. काही मिनिटांच्या अंतरानं चित्र घेत असल्यामुळे ढगांच्या फटीतून जंगल सापडण्याची शक्यताही कितीतरी जास्त. त्यातही हंगामी चढउतार दिसला.

मग २००५ मध्ये झालं काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं बऱ्यापैकी लागलं. मध्य ॲमेझॉनसारख्या, वर्षाला साधारण २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस असलेल्या जंगलात कोरड्या महिन्यांत हिरवेपणा वाढतो, आधी वाटला होता त्यापेक्षा कमी, आणि तो मुख्यतः कोऱ्या पानांचा असतो. २,००० मिलिमीटरची ही सीमारेषा कायू ग्वान आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जगभरच्या उष्णकटिबंधीय जंगलांवर काढली. त्याहून कमी पावसाच्या भागात जमिनीत पुरेसं पाणी साठून राहत नाही आणि कोरड्यात प्रकाशसंश्लेषण घसरतं.

दुसरा प्रश्न, दुष्काळाचा, तसा सुटत नाही. कारण त्याच वर्षी जंगलाच्या जमिनीवर वेगळंच घडत होतं. ऑलिव्हर फिलिप्स आणि रेनफॉर या गटाच्या सहकाऱ्यांनी ॲमेझॉनभर आखून ठेवलेल्या तुकड्यांत झाडं पुन्हा मोजली. वर्षानुवर्षं हीच झाडं, हाच फीत लावून घेतलेला घेर. त्यांचा २००९ चा निष्कर्ष: दुष्काळामुळे झाडं मेली, वाढ मंदावली, आणि जंगलाच्या जैवभारावर, म्हणजे झाडांच्या एकूण वजनावर, झालेला परिणाम १२० ते १६० कोटी टन कार्बनाइतका होता.

हिरवा नकाशा आणि मेलेली झाडं एकत्र कशी नांदतात? मला तरी त्यात विसंगती दिसत नाही. तापाजोसमध्ये नेपस्टॅड यांच्या गटानं केलेला प्रयोग इथे आठवतो. एक हेक्टर जंगलात झाडांखाली प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवून पावसाळ्यातलं जमिनीवर पडणारं बरंचसं पाणी बाहेर वळवलं. पहिली दोन वर्षं जंगल टिकून राहिलं. खोल मुळांनी सांभाळून घेतलं. मग मोठी झाडं मरू लागली, आणि सव्वातीन वर्षांत मोठ्या झाडांच्या मृत्यूचं प्रमाण साडेचार पट झालं. दुष्काळाच्या पहिल्या तीन महिन्यांत घेतलेलं चित्र हे फार तर त्या पहिल्या टप्प्याचं चित्र आहे. उन्हामुळे जुनी पानं गळून नवी आली, म्हणून चौकोन हिरवा. त्याच चौकोनात कुठल्यातरी उंच झाडाच्या खोडात पाण्याच्या नळ्यांमध्ये हवा शिरायला लागली, ते आकाशातून दिसत नाही. शिवाय एका मोडिस चौकोनात हजारो झाडं असतात. त्यातली मोजकी मेली तर सरासरी हलत नाही, पण कार्बनचा मोठा साठा मोजक्या थोरल्या झाडांतच असतो.

म्हणून २००७ च्या निबंधातलं निरीक्षण फेकून द्यावं असं मला वाटत नाही. अडचण होती ती त्यातून "जंगल दुष्काळाला पुरून उरतं" असं काढण्यात, आणि लेखकांपेक्षा वाचणाऱ्यांनीच ते जास्त काढलं. तीन महिन्यांची पालवी आणि तीन वर्षांचं जगणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

त्यानंतर ॲमेझॉननं दुष्काळ पाहिले ते २०१० चा, २०१५-१६ च्या एल निनोचा, आणि २०२३ चा. २०२३ च्या ऑक्टोबरात मानाउसला रिओ नेग्रो नदी १९०२ पासूनच्या नोंदींतल्या सर्वात खालच्या पातळीला गेली आणि पुढच्याच वर्षी तीही पातळी मोडली. २०१० च्या दुष्काळात मोडिसलाही हिरवेपणा मोठ्या भागात घटलेला दिसला. २००५ मध्ये जे हिरवं झालं असं वाटलं ते २०१० मध्ये का झालं नाही, हे बरीच वर्षं अधांतरी राहिलं.

त्यावर अलीकडे शूली चेन आणि सहकाऱ्यांनी केलेलं काम मला या प्रकरणातलं सर्वात मोलाचं पाऊल वाटतं. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी २००५, २०१० आणि २०१५ चे दुष्काळ एकत्र घेतले, चित्रं मायाकनं शुद्ध केलेली, आणि प्रश्न बदलला. "ॲमेझॉन हिरवं झालं का?" असं न विचारता "कुठलं ॲमेझॉन?" असं विचारलं. प्रत्येक चौकोन जवळच्या ओढ्या-नाल्यापासून किती उंच आहे हे घेतलं, म्हणजे मुळांखाली पाणी किती खोल असेल याचा अंदाज येतो. सोबत मातीची सुपीकता आणि झाडांची उंची. दक्षिण ॲमेझॉनमध्ये चित्र स्वच्छ निघालं. पाण्याची पातळी जिथे वर आहे अशा सखल जागी जंगलानं दुष्काळ जास्त चांगला सोसला, आणि काही ठिकाणी जास्तीचं ऊन त्याच्या पथ्यावरही पडलं. उंच, पाणी खोल असलेल्या जागी ते सुकलं. सगळ्यांची मिळून एकच सरासरी काढली की ही दोन जंगलं एकमेकांना खोडून टाकतात.

२००५ च्या त्या एकपानी नकाशावर हिरवे आणि तपकिरी ठिपके शेजारी शेजारी होतेच. त्यातला बराचसा मिश्रपणा तेव्हा गोंगाट समजला गेला. २०२४ च्या निबंधाच्या लेखकांतलं शेवटचं नाव स्कॉट सालेस्का यांचं आहे.